पत्रा चावतो तेव्हा

सांगलीत आमच्या घरामागं परडं आहे आणि परड्यात पत्र्याची एक शेड आहे, दहा बाय पंधराची. अब्बांच्या काळात तिथं कापूस पिंजायचं मशीन होतं. लग्नसराईत दिवसभर त्याची घरघर चालायची आणि संध्याकाळी अब्बा बाहेर आले की भुवयांपर्यंत पांढरे दिसायचे. अब्बा गेले, मशीन भंगारात गेलं आणि शेड माझ्या वाट्याला आली. आता तिथं एक टेबल आहे, पुस्तकांचं कपाट आहे, खुरपी-कुदळी आहेत आणि बागेला पाणी द्यायची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आहे. कविताही मी तिथंच लिहितो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या शेडमध्ये साडेचार फूट पाणी होतं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसला, भिंतीच्या विटा आणि पत्रे धुतले. दोन-तीन आठवडे उन्हानं सगळं वाळलं, तेव्हा एके दिवशी मी सहज दिव्याचा खटका दाबून पाहिला. दिवा लागला! मला कोण आनंद झाला. पुरात एवढं गेलं, पण निदान वायरिंग तरी वाचलं, असं मी चार जणांना सांगितलं. मित्रहो, दिवा लागणं म्हणजे वायरिंग ठीक असणं नव्हे, हे कळायला मला दहा महिने लागले.

मध्ये एक इशारा मिळाला होता. एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद होतं, मुलं घरीच. माझी पुतणी परड्यात खेळत होती. ती पळत आली आणि म्हणाली, "चाचा, पत्रा चावतो!" मला ते 'चावतो' फार आवडलं. पत्र्याला दात फुटले, अशी काहीतरी ओळ सुचली आणि मी ती वहीत टिपून ठेवली. वायरमनला बोलवायचं सोडून मी ओळ टिपली. ती वही अजून आहे, पण ती कविता मी पुढं कधी पुरी केली नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. अम्मी वाळत घातलेले कपडे काढायला अनवाणी धावली. कपड्यांची तार जीआयची, एक टोक शेडच्या लोखंडी अँगलला आणि दुसरं पेरूच्या झाडाला बांधलेलं. तिनं तारेला हात लावला आणि मागं फेकली गेली. फेकली गेली म्हणून वाचली. मूठ तारेवर आखडली असती तर आज मी हे ज्या सुरात सांगतो आहे त्या सुरात सांगू शकलो नसतो. उजवं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातले जुने वायरमन तात्या आले. परवानाधारक माणूस, वय सत्तरीकडं. त्यांनी आधी घरातल्या चालू सॉकेटमध्ये टेस्टर लावून तो पेटतो याची खात्री केली, मग पायात रबरी बूट घालून शेडच्या पत्र्याला तो टेकवला. टेस्टर लालभडक पेटला. "कविराज," ते म्हणाले, "ह्यो पत्रा जित्ता हाय. तुमी जित्त्या पत्र्याखाली बसून कविता करतायसा."

मग त्यांनी मेन बंद केलं आणि सगळं उघडलं. जे दिसलं ते सांगतो, कारण तुमच्या परड्यातल्या शेडमध्ये, गोठ्यात, गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या खोलीत यातलं काही ना काही असण्याचा संभव आहे.

लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर अब्बांच्या काळातली होती. ती जिथं पत्र्यातून आत येत होती तिथं पत्र्याला नुसतं भोक पाडलेलं. पत्र्याची कड म्हणजे पातीच. वाऱ्यानं पत्रा थरथरतो आणि प्रत्येक थरथरीला वायरवरचं आवरण केसभर कापत जातो. चाळीस वर्षांत ते पार कापलं गेलं होतं आणि फेजची तार पत्र्याला टेकली होती. मध्ये कुणीतरी या अ‍ॅल्युमिनियमला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली होती, वरून काळी चिकटपट्टी. हे दोन धातू असे एकत्र बांधले की ओलीत ते एकमेकांना खातात, सांधा सैल होतो आणि सैल सांधा तापतो. पट्टी उकलली तर आतलं आवरण भाजलेल्या वांग्यासारखं. अब्बांच्या कापसाच्या तुसात हा सांधा वर्षानुवर्षं तापत होता, हा विचार मनात आला की अजून काटा येतो. खटक्यांच्या पेटीत महापुराचा गाळ जसाच्या तसा. गाळ वरून वाळतो, पण पावसाळी हवेतली ओल धरून ठेवतो आणि त्या ओलीतून वीज झिरपते.

पण खरा घोटाळा निघाला तो अर्थिंगचा. अर्थिंगची तार होती. अब्बांनी ती नळाच्या लोखंडी पाइपला बांधून घेतली होती, तेव्हा सर्रास तसंच करत. पुढं आम्ही नळाची लाइन बदलली आणि जमिनीखाली प्लॅस्टिकचा पाइप टाकला. वर लोखंडाचा हातभर तुकडा राहिला आणि तार त्याला गुंडाळलेली राहिली. दिसायला अर्थिंग, पण प्रत्यक्षात ती तार कुठंच जात नव्हती.

आता मनात प्रश्न येतो, तो मलाही आला. पत्र्यात वीज उतरली होती तर फ्यूज का उडाला नाही? हे नीट समजून घेण्यासारखं आहे. फ्यूज किंवा हल्लीचा एमसीबी हा वायरच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपर्यंत मान वर करत नाही. एक अँपिअर म्हणजे हजार मिलिअँपिअर. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपिअर घेतो. आणि माणसाला किती लागतात? दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सुटत नाही. तीसच्या पुढं, जरा जास्त वेळ प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचा ठेका बिघडण्याची भीती सुरू होते. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. म्हणजे एका दिव्याइतकेसुद्धा नाहीत. एमसीबीच्या दृष्टीनं कुणीतरी एक लहानसा दिवा लावला, एवढंच.

आणि कोरड्या दिवसांत काही झालं नाही, कारण पायात चप्पल आणि खाली कोरडी जमीन होती. वीज आत शिरायला तयार होती, बाहेर पडायला वाट नव्हती. पुतणीला थोडी वाट मिळाली, म्हणून पत्रा नुसता चावला. अम्मीच्या अनवाणी ओल्या पायांनी पूर्ण वाट करून दिली.

दुरुस्ती नको, सगळं काढून नवं करायचं, असं ठरलं. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे काम मी केलं नाही, तात्यांनी केलं. वायरिंगचं काम परवाना असलेल्या माणसानंच करावं, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. मी चर खणला, पाइप धरले, भोकं पाडली आणि डोकं खाल्लं. पण काय होतंय हे घरमालकाला कळत असेल तर काम चांगलं होतं, हा माझा अनुभव आहे.

सुरुवात वीज बंद करण्यापासून. सोपं वाटतं, पण इथंच माणसं जातात. मेन बंद केलं, तरी घरात इन्व्हर्टर असेल तर काही वायरी जिवंतच राहतात. आमच्या घरात होता. तात्यांनी तोही बंद करून सोडवून ठेवला, मेनचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले आणि पेटीवर पाटी लावली, 'काम चालू, हात लावू नये'. मग टेस्टर आधी चालू जागी, मग काम करायच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. त्यासाठी शेजाऱ्यांच्या सॉकेटपर्यंत जाऊन यायचे. दोनदा कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "मधल्या मधी टेस्टरच मेला तर? मेलेला टेस्टर समद्याच वायरी मेल्या म्हणून सांगतोय."

घरापासून शेडपर्यंत पूर्वी वायर पेरूच्या झाडावरून आली होती. आता जमिनीखालून चिलखती केबल घेतली, तीन तारांची, चार चौरस मिलिमीटर तांब्याची. बाजारात तिला नुसती 'चारची' म्हणतात. आतून चिलखताची लोखंडी जाळी असते, कुदळीचा ओझरता घाव ती सोसते. चर अडीच फूट खोल. मला वाटलं, फूटभर पुरे. तात्या म्हणाले, बागेत तुम्हीच कधीतरी खड्डा काढणार, झाड लावणार. चरात खाली वाळू, त्यावर केबल, वर पुन्हा वाळू, वर विटांची ओळ आणि मग माती. विटा कशासाठी, तर पुढं कधी कुणी खणायला लागला तर आधी कुदळ विटेवर वाजावी. केबल पेटीत शिरते तिथं धातूची ग्लँड बसवली आणि चिलखताची जाळीसुद्धा अर्थिंगला जोडली.

अर्थिंगचा खड्डा शेडच्या मागं, मोटरीच्या ओलीजवळ घेतला. अडीच मीटरचा जीआय पाइप उभा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. मीठ-कोळसा ही काही जादू नाही. कोरडी माती वीज सहज वाहून नेत नाही. कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीची वाहकता वाढवतं. मात्र मीठ पावसानं विरघळून जातं, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं आणि काही वर्षांनी तपासून घ्यायचं. तिथून निघालेली हिरवी तार मोटरीच्या अंगाला, पेटीला, सॉकेटच्या तिसऱ्या मोठ्या भोकाला आणि शेडच्या अँगलला, पत्र्यालासुद्धा जोडली.

एवढं झाल्यावर मी निश्चिंत झालो. तात्या झाले नाहीत. त्यांनी पेन्सिलीनं पत्र्यावरच हिशेब मांडला. समजा अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध वीस ओहम निघाला. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत सहज निघतो. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. पत्र्यात फेज उतरला तरी जमिनीत साडेअकराच अँपिअर जाणार आणि सोळाचा एमसीबी शांत बसणार. पत्रा जित्ता तो जित्ताच. एकट्या अर्थिंगवर भिस्त ठेवली तर असं होऊ शकतं.

म्हणून आरसीसीबी हवा. नाव अवघड असलं तरी कल्पना किराणा दुकानाच्या वहीइतकी सोपी आहे. फेजच्या तारेनं जेवढी वीज शेडकडं गेली तेवढीच न्यूट्रलच्या तारेनं परत यायला हवी. या दोन्ही तारा आरसीसीबीच्या पोटात एका कड्यातून जातात. जाणं आणि येणं सारखं असेल तर दोघांचा चुंबकीय परिणाम एकमेकांना मारून शून्य होतो. परत कमी आली, म्हणजे मधेच कुठंतरी जमिनीत किंवा कुणाच्या तरी अंगातून गळाली, तर तोल बिघडतो आणि कळ सुटते. तीस मिलिअँपिअरचा घ्यायचा. दुकानात शंभरचे आणि तीनशेचेही मिळतात, ते मुख्यतः आगीपासून रक्षणाला, माणसाच्या रक्षणाला तीसचाच. तो तेवढ्या गळतीला सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत आणि मोठ्या गळतीला त्याहून कितीतरी लवकर वीज तोडतो. झटका जाणवतो, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कुणी कोरड्या स्टुलावर उभा राहिला तर वहीतलं जाणं-येणं सारखंच दिसतं. आरसीसीबी त्या माणसाला दिवाच समजणार. शिवाय जादा भार तो ओळखत नाही, म्हणून जोडीला एमसीबी लागतोच.

आमचा आरसीसीबी घरातल्या पेटीत, केबल जिथून निघते तिथं बसवला, म्हणजे जमिनीखालची केबलही त्याच्या पहाऱ्यात आली. शेडमध्ये रात्री अंधार झाला तर घरापर्यंत चालत यावं लागेल, अशी कुरकूर मी केली. "पाय मोकळं हुतील की," तात्या म्हणाले.

पहिल्या दिवशी तो सारखा पडत होता. दिवा लावला की खट्. मला वाटलं, वस्तू खराब निघाली. पुष्कळ घरांत याच टप्प्यावर कंटाळून आरसीसीबी काढून टाकतात किंवा त्याला बगल देऊन वायर सरळ जोडतात. तात्यांनी तासभर शोधलं. परड्यातल्या बाहेरच्या दिव्याला फेज नव्या शेडमधून दिला होता, पण न्यूट्रल घराच्या जुन्या वायरिंगमधून उसना घेतलेला राहिला होता. गेलं एका वहीतून, परत आलं दुसऱ्या वहीत. आरसीसीबीची काहीच चूक नव्हती. न्यूट्रल ज्याचा त्याला दिला आणि खटखट थांबली.

आतलं काम त्यामानानं सरळ होतं. पीव्हीसीचे पाइप, दिवे-पंख्याला दीडची वायर, मोटर आणि मोठ्या सॉकेटला अडीचची, दोघांना वेगवेगळे एमसीबी, अनुक्रमे सहा आणि सोळाचे. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. पण उपकरणांच्या दोरीत रंग निराळे असतात, तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल, त्यामुळे रंगावर डोळे झाकून विश्वास नको. प्रत्येक खटका फेजवर आहे ना, हे तात्यांनी तपासलं. खटका न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये वीज तशीच हजर असते आणि दिवा बदलणाऱ्याच्या हातात येते. पत्र्यात जिथं भोक, तिथं रबरी बुश आणि पाइप. ज्या भोकानं अम्मीचं मनगट मोडलं तिथला बुश आठ-दहा रुपयांचा होता.

पेट्या आणि सॉकेट मी साडेपाच फुटांवर बसवायला सांगितले. विटांवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, साडेचार फुटांवर. बायको उंचीनं बेताची, ती मोटर लावताना दर वेळी मला दोन शब्द ऐकवते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पाणी शेडमध्ये शिरलं, पण पेट्यांपर्यंत पोचलं नाही. तरीही वीज आधीच बंद केली होती आणि तात्या येऊन तपासून जाईपर्यंत कुणी खटका दाबला नाही.

तपासायचं म्हणजे काय, तेही एकदा पाहून घ्या. मेगर नावाचं एक यंत्र असतं. ते ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरचं आवरण किती धड आहे हे मोजतं. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर वीज जोडायची नाही. आमच्या जुन्या वायरीवर तात्यांनी गंमत म्हणून मेगर लावला, काटा शून्याला चिकटून बसला. नव्या वायरीवर तो दुसऱ्या टोकाला गेला. मग अर्थिंगची तार शेवटपर्यंत अखंड आहे का, आरसीसीबी पडतो का, हे पाहिलं आणि त्यानंतरच खिशातले फ्यूज बाहेर निघाले.

एक गोष्ट राहिली. कुणाला विजेनं धरलेलं दिसलं तर आपला पहिला झोका त्या माणसाकडं असतो. तिथंच घात होतो, त्याला धरायला गेलेला दुसराही चिकटतो. आधी मेन बंद करायचं. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर दूर करायची. माणूस सुटला की श्वास पाहायचा, १०८ ला फोन करायचा आणि श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करायचं. रस्त्यावरची तुटलेली तार असेल तर जवळही जायचं नाही, १९१२ वर कळवायचं.

आरसीसीबीवर एक लहान बटण असतं, 'टी' अक्षराचं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खट् करून वीज गेली पाहिजे. नाही गेली, तर आतलं यंत्र अडकलं आहे आणि तो बदलायचा. आमच्या घरी हे काम पुतणीकडं आहे. एक तारखेला ती दाबते आणि घरभर ओरडते, "पडला!" अम्मी आतून विचारते, पत्रा चावत नाही ना? कपड्यांसाठी आता नायलॉनची दोरी आहे. पेरूपासून कडुनिंबापर्यंत, शेडला न शिवता.